नाल की शाल? मानेचा मसाजर मागवण्याआधी

ऑनलाइन दुकानात ‘नेक मसाजर’ म्हणून शोधलं की एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं समोर येतात. एक घोड्याच्या नालेसारखं, पांढऱ्या प्लॅस्टिकचं, हलकं, मानेत अडकवायचं. किंमत साधारण ५०० ते १,००० रुपये. दुसरं शालीसारखं खांद्यावर घ्यायचं, पुढे दोन पट्टे, त्यांत हात अडकवायचे, आणि मानेशी आठ फिरते गोळे. वजन दीड-दोन किलो, किंमत साधारण १,५०० ते ३,५०० रुपये. पहिलं मान दाबत नाही, विजेचे बारीक झटके देतं. दुसरं खरोखरच रगडतं. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे डोळे मिटून बसलेलं तेच समाधानी माणूस आणि मानेभोवती तोच लाल उजेड. म्हणून दाबून देणारं यंत्र हवं असलेल्याच्या घरी झटके देणारं येऊन पडतं, आणि मग ‘काहीच होत नाही, नुसतं टोचतं’ म्हणून एक तारा दिला जातो. यंत्र बिघडलेलं नसतं, ते दुसऱ्याच कामाचं असतं.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. संगणकापुढे, शिलाई मशीनपुढे किंवा फळ्यापुढे दिवस घालवून खांदे आणि मानेची मागची बाजू आखडत असेल आणि दाबल्यावर बरं वाटत असेल, तर वायरवाली आठ गोळ्यांची शाल घ्यावी. नाल बहुतेकांनी घेऊ नये. दुखणं खांद्यावरून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातली वस्तू सुटत असेल, तर दोन्हीपैकी काहीच न घेता आधी डॉक्टर गाठावा.

कोणत्या गटात बसतो ते कळायला एक सोपी, फुकटची परीक्षा आहे. खुर्चीत बसावं, घरातल्या कुणाला तरी मान आणि खांदा यांच्या मधल्या उतरणीवर अंगठा ठेवून हळूहळू दाब वाढवायला सांगावं, अर्धा मिनिट तसाच धरावा. तिथे ट्रॅपिझियस नावाचा चपटा स्नायू आहे आणि जरा मागे, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याशी लेव्हेटर स्कॅप्युली येऊन मिळतो. मान धरते म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हे दोघेच आखडलेले असतात. दाबताना ‘हां, तिथेच’ असं तोंडातून आलं आणि सोडल्यावर हलकं वाटलं, तर गोळ्यांचं यंत्र उपयोगी पडेल. दाबल्यावर दंडातून बोटांपर्यंत करंट गेल्यासारखं झालं, तर ती नस आहे, तिच्यावर मोटर चालवायची नाही. आणि अंगठ्याने काहीच फरक पडला नाही, तर यंत्रानेही पडणार नाही. जाताजाता तीन-चारशे रुपयांची रबरी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं मानेखाली ठेवून पाहावी. काहींचं काम तेवढ्यावरच भागतं आणि बाकीचे पैसे वाचतात.

नाल काय करते

नालेच्या आतल्या बाजूला स्टीलच्या दोन किंवा चार चकत्या असतात. त्यांच्यातून बॅटरीवरचा बारीक विद्युत्‌प्रवाह ठराविक लयीत मानेच्या कातडीतून सोडला जातो. फिजिओथेरपिस्टकडे ‘टेन्स’ म्हणून जे मशीन लावतात त्याचंच हे सोपं रूप. टेन्समध्ये नसांना झणझणी देऊन दुखण्याची जाणीव थोडा वेळ मागे ढकलतात. स्नायू आपोआप आकसून सैल व्हावा म्हणून जो प्रवाह देतात त्याला ‘ईएमएस’ म्हणतात. स्वस्त नालेत या दोन्हींची सरमिसळ असते आणि बटण दाबलं की यंत्रातली बाई इंग्रजीत मोडचं नाव सांगते. मोड सहा असोत की दहा, वेगळी असते ती झटक्यांची लय, बाकी काही नाही.

क्लिनिकमध्ये तोच प्रवाह सुसह्य का वाटतो आणि इथे का टोचतो? तिथे चिकट जेलचा पॅड असतो, कातडीला सगळीकडे सारखा बसतो. इथे कडक स्टीलची लहान चकती असते. मान गोल, चकती चपटी. कोरड्या कातडीचा विरोध जास्त, त्यामुळे चकतीची जी कड टेकली असेल तिथूनच सगळा प्रवाह जातो आणि सुई टोचल्यासारखं होतं. चकत्या आणि मान पाण्याने किंवा कोरफडीच्या जेलने ओली केली की टोचणी बरीच कमी होते. मानेवरचे बारीक केसही आड येतात. चालू असताना नाल उचलली किंवा सरकवली की टेकलेली जागा कमी होते आणि एकदम सणसणीत चटका बसतो. म्हणून आधी बंद करायची, मग काढायची. सुरुवात नेहमी पहिल्या पायरीवरून. ‘१५ लेव्हल’ ही जाहिरातीची शोभा आहे, चौथ्या-पाचव्या पायरीच्या वर बहुतेकांना सहन होत नाही.

आणखी एक अडचण बांध्याची. नालेची रुंदी ठरलेली. बारीक मानेवर ती सैल पडते आणि एकच बाजू टेकते. जाड मानेवर टोकं पुढे, गळ्याच्या बाजूला येतात. पुढे येणं जास्त वाईट, त्याचं कारण खाली येतं आहे.

मग नाल कुणी घ्यावी? फिजिओथेरपिस्टने टेन्सचा सल्ला दिला असेल त्याने. पण त्यानेही नाल न घेता वायरीचे चिकट पॅड असलेलं लहान टेन्स यंत्र घ्यावं. दोन ते चार हजारांत मिळतं, पॅड हवे तिथे लावता येतात आणि झिजले की नवे घेता येतात. दोन-तीनशे रुपयांना मिळणारे फुलपाखराच्या आकाराचे चिकट मसाजर विचारातसुद्धा घेऊ नयेत; त्यांचा चिकटपणा काही दिवसांत संपतो आणि नंतर ते टेपने चिकटवावे लागतात.

शालीच्या पोटात

शालीत प्रत्येक बाजूला एक फिरती चकती, तिच्यावर दोन मोठे आणि दोन लहान प्लॅस्टिकचे गोळे, असे मिळून आठ. गोळे चकतीच्या मध्यावर नसून कडेला बसवलेले असतात, म्हणून चकती फिरली की ते अंगठ्यासारखे कणीक मळत जातात. मधली एक डीसी मोटर वर्म गिअरमधून दोन्ही चकत्या फिरवते. वर्म गिअर म्हणजे स्क्रूसारखा दांडा आणि त्याला लागून दातेरी चाक. त्याने वेग कमी होतो आणि जोर वाढतो. हे चाक बहुधा नायलॉनचं असतं आणि यंत्र मरतं ते इथेच. पट्ट्यांत हात घालून जीव खाऊन खाली ओढलं, की गोळे अडतात, मोटर जोर लावते, दाते झिजतात. आधी ‘टक्‌ टक्‌’ ऐकू येतं, मग एक बाजू थांबून थांबून फिरते, मग नुसती मोटर घरघरते. पट्टे ओढायला नसतात, हाताचं वजन टेकवायला असतात. हे माहितीपत्रकात असतं, पण त्या अक्षरांचा आकार मुंगीएवढा.

‘८ नोड’, ‘१६ नोड’, ‘४डी’ या शब्दांना फार भुलू नये. सोळा गोळेवाल्यांत पुष्कळदा गोळे लहान आणि उथळ असतात, ते कातडीवर फिरतात, स्नायूत शिरत नाहीत. पाहायचं ते गोळा कापडाच्या वर किती उचलून येतो आणि दोन चकत्यांमधलं अंतर किती. उत्पादनाच्या फोटोंत हे कळत नाही, खरेदीदारांनी टाकलेल्या फोटोंत कळतं. अंतर फार कमी असेल तर गोळे मणक्याच्या हाडांवरून खडखडतात. मान वाकवल्यावर खांद्याच्या पातळीत जे सगळ्यात मोठं हाड हाताला लागतं तो मानेचा सातवा मणका. गोळे त्याच्या दोन्ही बाजूंनी जायला हवेत, वरून नव्हे. अंतर फार असेल तर बारीक मानेच्या माणसाला गोळे मानेच्या कुशीला लागतात. बुटक्या माणसाला गोळे कवटीच्या बुडाशी येतात. तेव्हा शाल उलटी धरून पाहावी, निम्म्या वेळा प्रश्न सुटतो.

लाल उजेडाबद्दल. वर्णनात ‘इन्फ्रारेड हीट’ लिहिलेलं असतं. डोळ्यांना दिसणारा लाल रंग हा इन्फ्रारेड नसतोच, इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही. तो एलईडीचा साधा लाल उजेड असतो आणि त्याबरोबर कधी खरीखुरी गरम होणारी पट्टी असते, कधी नसते. बटण दाबून पाच मिनिटांनी तळहात ठेवून पाहावा. कोमटपणा स्पष्ट जाणवला तर पट्टी आहे. शेक कडक असण्याची गरज नाही. चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान पुरे. गरम पाण्याच्या पिशवीसारखा शेक या यंत्रांतून मिळत नाही, तशी अपेक्षा ठेवू नये.

वायर की बॅटरी, हा प्रश्न हजार-दीड हजार रुपयांचा आहे. वायरवाल्या शालीबरोबर बहुधा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर येतो, म्हणजे जास्तीत जास्त २४ वॉट. वीस मिनिटांच्या एका फेरीला ८ वॉट-तास, अर्थात एका युनिटमध्ये (१,००० वॉट-तास) सव्वाशे फेऱ्या. विजेच्या बिलाची काळजी इथे करायची नाही. बॅटरीवाल्यात मोटरला कमी वीज देऊन वेळ वाढवलेली असते, म्हणून जोर कमी लागतो. विक्रेते ‘२,५०० एमएएच’ लिहितात आणि व्होल्ट लिहीत नाहीत, गोम तिथेच आहे. दोन सेल एकामागे एक जोडून ७.४ व्होल्ट असतील तर साठा (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार) साडेअठरा वॉट-तास, ३.७ व्होल्टचा असेल तर बरोबर निम्मा. मोटर पंधरा वॉट ओढते असं धरलं तर पहिल्यात सव्वा तास, दुसऱ्यात छत्तीस-सदतीस मिनिटं. शिवाय दोन-तीन वर्षांत बॅटरी थकते आणि ती बदलून द्यायला सहसा कुणी तयार नसतं. ज्याला खरोखर गच्चीत किंवा गाडीत बसून मान चोळून घ्यायची आहे त्याने बॅटरीवाला घ्यावा. बाकीच्यांनी सोफ्याजवळचा प्लग पॉइंट शोधावा.

इतर प्रकारांचं थोडक्यात. उशीच्या आकाराचे चार गोळ्यांचे मसाजर कमरेला चांगले, मानेला बेताचे, कारण डोक्याचं सगळं वजन, चार-पाच किलो, त्यांवर येतं आणि कमी-जास्त करता येत नाही. नुसती थरथरणारी प्रवासी उशी म्हणजे थरथरणारी उशी. मसाज गन खांद्याच्या मांसल भागाला छान, पण तिचं डोकं दर ठोक्याला आठ-बारा मिलिमीटर आत-बाहेर करतं. मानेवर, विशेषतः बाजूला, ती लावायची नाही.

मंगळसूत्र, ओढणी आणि गळ्याची बाजू

अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने ऑगस्ट २०११ मध्ये खांद्याच्या एका फिरत्या मसाजरबद्दल इशारा दिला होता. गळ्यातली साखळी आणि कपडा फिरत्या भागात गुंतून एकाचा गळा आवळून मृत्यू झाला, दुसरा प्रसंग थोडक्यात निभावला. त्या यंत्रातला फिरता भाग आजच्या शालींहून वेगळा होता, पण शालीतही आठ गोळे फिरतात आणि त्यांच्यावर आवरण असतं ते नुसत्या जाळीच्या कापडाचं. जाळी एका ठिकाणी उसवली की गोळ्याभोवती काहीही गुंडाळलं जाऊ शकतं. म्हणून मंगळसूत्र, साखळी, गळ्यातलं लॉकेट काढून बाजूला. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ते पुढे ओढून ब्लाऊजच्या आत, आणि मानेवर टॉवेल. तरी काढलेलं बरं. पदर खोचलेला, ओढणी अंगावर नको, केस वर बांधलेले, आयडी कार्डाची दोरी गळ्यात नको. जाळीला छिद्र दिसलं त्या दिवशी यंत्र बंद. सुईदोरा घेऊन बसू नये. गोळ्यांच्या दाबाखाली टाका टिकत नाही.

दुसरा धोका दिसत नाही. जबड्याच्या कोनाच्या खाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की ठोके लागतात. ती मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी, आणि ती जिथे दुभंगते तिथे रक्तदाबाची दखल घेणारा भाग असतो. तिथे दाब पडला की शरीराला वाटतं रक्तदाब चढला. मग हृदयाची गती मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. वय वाढलं की हे जास्त सहज घडतं. त्यात धमनीच्या आत चरबीचा थर साचलेला असेल तर तो सुटून मेंदूकडे जाण्याची भीती वेगळी. नालेच्या टोकांची गोष्ट हीच: झटके मानेच्या मागच्या बाजूलाच मिळायला हवेत. पुढून दिले तर घशाचे स्नायू आकसून श्वास अडू शकतो, म्हणून टेन्सच्या पत्रकात गळ्यासमोर लावू नये असं ठळक लिहिलेलं असतं.

पुण्या-मुंबईतली, अमेरिकेतली मुलं आई-वडिलांसाठी ही यंत्रं परस्पर मागवतात आणि गावी पोचवतात. हेतू चांगला, पण घेण्याआधी फोनवर विचारायच्या गोष्टी वेगळ्या. पेसमेकर बसवलेला असेल तर झटक्यांची नाल किंवा टेन्स अजिबात नाही, गोळेवालाही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर यंत्राच्या गोळ्यांच्या दाबाने मोठे काळे-निळे डाग पडतात. हाडं ठिसूळ झाली असतील, मानेची शस्त्रक्रिया झाली असेल, संधिवातातला र्‍हुमॅटॉइड प्रकार असेल, कर्करोगाचा इतिहास असेल, गर्भारपण असेल, फिट येत असतील, तर डॉक्टरांशिवाय नाही. जुना मधुमेह असेल तर शेकाचं बटण बंद ठेवून वापरावं, कारण कातडीची जाणीव कमी झालेल्याला भाजतंय हेच कळत नाही. तापासह मान आखडली असेल, किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखत असेल, तर मसाजर हा विषयच नाही, थेट दवाखाना.

परदेशातून यंत्रच घेऊन येणार असाल तर अडॅप्टरवरची बारीक ओळ वाचा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदलायची सोय करावी. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच मिनिटाला धूर.

पान वाचताना

भारतात लाइफलाँग, अगारो, डॉक्टर ट्रस्ट, जेएसबी, ब्युरर अशी नावं या मालात दिसतात आणि त्याशिवाय कधी न ऐकलेली पन्नास. नावापेक्षा उत्पादनाच्या पानावर खाली असलेला तपशील महत्त्वाचा: बनवणारा किंवा आयात करणारा कोण, त्याचा पूर्ण पत्ता, मूळ देश, ग्राहक सेवेचा क्रमांक. हे देणं कायद्याने बंधनकारक आहे. पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव असेल तर वॉरंटीचा कागद कुणाला दाखवणार? क्रमांकावर मागवण्याआधीच एकदा फोन लावावा आणि दोन प्रश्न विचारावेत: अडॅप्टर सुटा मिळतो का, आणि दुरुस्तीला पाठवायचं कुरिअर कुणाच्या खर्चाने. उत्तर देणारा माणूसच नसेल तर उत्तर मिळालं.

परतीची अट किमतीच्या खाली लहान अक्षरांत असते. ‘७ दिवसांत बदलून’ आणि ‘७ दिवसांत परत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात बिघडलेल्या यंत्राच्या बदल्यात तसंच दुसरं मिळतं. मानेला मानवलं नाही म्हणून पैसे मिळत नाहीत. अंगाला लागणाऱ्या वस्तूंना बऱ्याचदा हीच अट असते. एकाच यंत्राच्या दोन विक्रेत्यांपैकी शंभर-दोनशे महाग पण पैसे परत देणारा घ्यावा, कारण मसाजर हा चप्पलसारखा आहे, पायात घातल्याशिवाय कळत नाही.

अभिप्राय वाचताना पाच तारे सोडून द्यावेत; त्यातले बहुतेक पार्सल उघडल्याच्या संध्याकाळी लिहिलेले असतात. तीन तारेवाले वाचावेत, ते सहसा विचार करून लिहितात. शोधायच्या शब्दांत ‘सहा महिने’, ‘आवाज’, ‘एक बाजू’, ‘अडॅप्टर’ हे टाकावेत. एकाच पानावर शाल, नाल आणि उशी हे तिन्ही प्रकार असतील तर अभिप्राय एकमेकांत मिसळलेले असतात. चार हजार अभिप्रायांतले तुमच्या यंत्राचे किती, ते फोटो बघूनच ठरवावं. ४,९९९ वर काट मारून लिहिलेल्या ६९९ ला सवलत समजू नये. तीच त्याची किंमत. आणि ‘स्पाँडिलायटिस बरा करतो’, ‘गादी जागेवर बसवतो’ असं जिथे लिहिलेलं असेल तिथून निघावं. स्नायू तासा-दोन तासांपुरता, फार तर दिवसभर सैल होणं, झोप बरी लागणं, एवढं हे यंत्र देतं. झिजलेला मणका आणि मणक्यांमधली सरकलेली गादी ते बदलत नाही.

पार्सल आल्यावर

खोक्याची चिकटपट्टी कापण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करावा आणि न थांबवता, पत्त्याच्या लेबलपासून यंत्र चालू करेपर्यंत एकच सलग घ्यावा. बिघाड निघाला तर वाद घालायला तेवढंच हाताशी असतं. मग अडॅप्टर. त्याच्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. यंत्रावर १२ व्होल्ट लिहिलंय आणि अडॅप्टरवरही तेवढंच आहे ना, हेही ताडून पाहावं.

पहिली फेरी मानेवर नको, मांडीवर. घड्याळ लावून चालू करावं आणि पंधरा किंवा वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं का ते पाहावं. हे सुरक्षेचं कलम आहे, यंत्रावर झोप लागते. तेवढ्या वेळात दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरतात का, दिशा बदलताना अडखळतात का, हे हाताने चाचपावं. दोन्ही तळहातांनी मध्यम दाब द्यावा. मोटरचा सूर जरा खाली यायला हरकत नाही, पण गोळे थांबले तर यंत्र कमजोर. पिन जिथे यंत्रात जाते तिथे वायर हलवून पाहावी. नवीन असतानाच बंद-चालू होत असेल तर महिनाभरही टिकणार नाही. अडॅप्टर शेवटी गरम लागेल, पण त्यावर हात ठेवता आला पाहिजे. रेक्झिनचा नवा वास दोन-तीन दिवस राहतो, तो चालेल. जळकट वास आला तर लगेच परत.

मानेवरची पहिली फेरी पाच मिनिटं, मध्ये दुहेरी टॉवेल, शेक बंद. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसून, कोपर पट्ट्यांत नुसते टेकवलेले. आडवं पडून डोक्याचं पूर्ण वजन गोळ्यांवर टाकायचं नाही, निदान पहिले आठ दिवस. जेवणानंतर लगेच नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टॉवेल एकेरी, मग दहा मिनिटं, आणि पंधराच्या वर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर दुखतं तसं थोडं अंग दुखलं तर ठीक. डाग पडला, डोकं गरगरलं, हातात झणझणलं, तर थांबायचं.

तेल लावून मसाजर वापरायचा मोह होतो, कारण आपल्याकडे चोळणं म्हणजे तेल, मग ते तिळाचं असो की निर्गुडीचं. इथे ते चालत नाही. तेल जाळीत मुरतं, त्यावर धूळ बसते, कुबट वास येतो, रेक्झिन मऊ होऊन सुटायला लागतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेने रेक्झिनचे पापुद्रे तसेही दीड-दोन वर्षांत निघतात. जुनी उशीची खोळ घालून ठेवली तर थोडं लांबतं. धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसायचं तेवढंच.

घरात नवं यंत्र आलं की पहिल्या रविवारी सगळे रांगेत बसतात: आधी आजी, मग बाबा, मग शेजारच्या काकू. ही मोटर सलग तासभर चालायला बनवलेली नाही. एका फेरीनंतर अर्धा तास थंड होऊ द्यावी. मध्येच बंद पडली आणि वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर ती बिघडली नाही, आतल्या उष्णता-कटआउटने थांबवली आहे. रोज तसं होऊ लागलं तर मात्र ते वॉरंटीचं प्रकरण.

वॉरंटी बहुधा वर्षाची असते, आणि अडॅप्टर तीत येतो की नाही ते वेगळं विचारावं लागतं. सगळ्यात आधी जातो तो अडॅप्टरच. वॉरंटी संपल्यावर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. यंत्र बरोबर न्यावं, पिन जाड-बारीक असते. जुन्यावर एक लहान चित्र असतं, मध्ये ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ. ठिपक्याला अधिकचं चिन्ह असेल तर नव्यालाही तसंच हवं. २ अँपिअरच्या जागी ३ चालतो, १ नाही. १२ व्होल्टच्या जागी मात्र दुसरं काहीच नाही.

विक्रेता बदलून देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. दोन हजारांच्या मसाजरसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही, पण परतीची मुदत हातातून गेली की तेवढाच रस्ता उरतो. म्हणून सात दिवसांची मुदत असेल तर निर्णय पाचव्या दिवशीच घ्यावा. खोकं, थर्माकोल आणि प्लॅस्टिकची पिशवी तोवर माळ्यावर टाकू नये.